आईला दाखवायची फिल्म

चिमणी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. पाच रविवार घालून तिने अकरा मिनिटांची शॉर्टफिल्म बनवली होती. कॅमेरा म्हणजे तिचा फोन, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर टांगलेल्या रजया.

गोष्ट घरचीच होती. ती आठ वर्षांची असताना आई एका पहाटे बॅग घेऊन निघून गेली आणि चौथ्या दिवशी परत आली. त्यावर घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. फिल्ममधली आई शेजारच्या शिक्षिकाबाई झाल्या होत्या, शूटिंगही त्यांच्याच घरी. आईला तिने मैत्रिणीची गोष्ट म्हणून सांगितलं होतं.

नऊ जणांना फिल्म पाठवली. नऊही जणांनी 'छान' कळवलं. छान म्हणजे पाहिलीच नाही, की पाहवली नाही? तिच्या जिवाला घोर लागला. शेवटी, ज्यांच्याकडे एडिटिंग शिकली त्या सरांना तिने गाठलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. मुलगी खरी वाटते, आई मात्र कागदी, म्हणाले. मग विचारलं, "तुझ्या आईने पाहिली?"

"नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलीस?"

स्पर्धेची मुदत आठवड्यावर आली होती. दोन दिवस ती आईभोवती घुटमळली. शनिवारी दुपारी बाबा बाहेर पडले. आई वाटाणे सोलत बसली होती. चिमणीने लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला आणि स्वतः अशी बसली की पडदा दिसू नये, आईचा चेहरा दिसावा.

चौथ्या मिनिटाला दार धाडकन आपटल्याचा आवाज आला. आईचे हात थांबले. तिने तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

"कुणाची गोष्ट म्हणालीस?"

"आपली."

आईने हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "दार आपटलं नव्हतं मी. हळू लावलं. कडी वाजू नये म्हणून मधे बोट घातलं, ते चेमटलं. तू जागी झाली असतीस तर मला जाता आलं नसतं."

चिमणीला तो आवाज वर्षानुवर्षं ऐकू येत होता. तो आला कुठून, हे तिला सांगता येईना. परत का आलीस, असं तिने चाचरत विचारलं.

"ते नंतर. आधी हे नीट कर," आई म्हणाली आणि उरलेले वाटाणे सोलू लागली.

दुसऱ्या दिवशी आई स्वतःच शिक्षिकाबाईंकडे आली. कडी कशी धरायची ते तिने दोनदा दाखवलं, पण बाईंना काही जमेना. शेवटी फिल्ममध्ये हात आईचाच घ्यायचा, असं ठरलं. दर खेपेला चिमणी श्वास रोखून फोन धरायची आणि आई मान हलवायची, "पुन्हा. आवाज आला." नवव्या खेपेला आवाज आला नाही. तेव्हा दोघीही एकमेकींकडे न बघता उभ्या राहिल्या.

स्पर्धेत फिल्म निवडली गेली नाही. सरांनी मात्र कळवलं, आता आई कळते.

जेवताना चिमणीने हे आईला हळूच सांगितलं. आईने बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"बाबांना कधी दाखवतेस?"

चिमणीचा घास हातातच राहिला. बाहेर बाबांच्या चपला वाजल्या.