तपासून घेतलेली वाक्यं

प्रुफं तपासणाऱ्या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नसतो. बाबांनी छापखान्यात अडतीस वर्षं एकच नियम पाळला. आधी आपण वाचायचं, मग दुसऱ्याला दाखवायचं, आणि दुसऱ्याने बरोबरची खूण केली की मगच पान छपाईला सोडायचं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी ती खोड गेली नाही. गॅस बंद आहे ना, हेसुद्धा ते शेजारणीला बोलावून विचारायचे.

असा माणूस एकाहत्तराव्या वर्षी गुपचूप स्पॅनिश शिकायला गेला. मुलगा परदेशात, सून तिकडचीच, आणि सहा वर्षांच्या नातीला बाबांच्या भाषेतला 'आजोबा' हा एवढा एकच शब्द येत होता. फोनवर दोघं एकमेकांना हात हलवून दाखवायचे, मग आणखी थोडा वेळ हलवायचे, आणि पडदा काळा व्हायचा.

वर्गात आठ जण होते. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "भविष्याला घाबरू नका. 'बोय आ' म्हणजे 'मी जातोय'. त्याच्यापुढे जे करायचंय ते जोडा, झाला तुमचा बेत तयार! भूतकाळ अवघड असतो, तो आपण पुढच्या सत्रात बघू."

पुढच्या वर्षीच्या बेतांची पाच वाक्यं लिहून आणायची होती. बाबांनी लिहिलं, मी नातीकडे जाणार आहे. मी तिच्याबरोबर राहणार आहे. मी तिला गोष्ट वाचून दाखवणार आहे. चौथं आणि पाचवं सुचलं होतं, पण फारच मागितल्यासारखं वाटलं, म्हणून ते लिहिलंच नाही.

मग ती तिघं पंधरा दिवसांसाठी आली. पहिलं वाक्य दारातच म्हणायचं, असं बाबांनी ठरवलं होतं. दारात त्यांनी फक्त बॅगा उचलून आत नेल्या. उच्चार चुकला तर? पोरगी हसली तर? उद्या म्हणू, असं करत आठवडा गेला.

आठव्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले होते. मुलगा आणि सून त्यांच्यासमोर स्पॅनिशमध्ये बिनधास्त बोलायची. भिंतीवरच्या घड्याळापासून कोण काय लपवतं? बाबा मान खाली घालून जेवत होते आणि कानांवर पडणारे शब्द सवयीने जुळवत होते. बरेचसे डोक्यावरून जात होते. तेवढ्यात सून म्हणाली, "बामोस आ बेंदेर ला कासा." आपण घर विकणार आहोत.

बाबांचा घास हातातच राहिला.

वडील वृद्धाश्रमात राहणार आहेत. आपण त्यांना काही सांगणार नाही. हेही त्यांना कळलं. सगळी वाक्यं नेमकी धड्यातल्यासारखी होती, सोपी आणि स्वच्छ. हे कधी ठरलं, का ठरलं, ते मात्र कळेना. भूतकाळ पुढच्या सत्रात होता.

"बाबा, भाजी वाढू का?" मुलाने विचारलं.

"नको रे. पोट भरलं."

आपलीच ऐकण्यात चूक झाली असेल, असं त्यांनी दिवसभर स्वतःला बजावलं. बारा धडे शिकलेल्या म्हाताऱ्याने पोटच्या पोरावर संशय घ्यायचा? दुसऱ्या संध्याकाळी 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून ते वर्गात गेले आणि गृहपाठाची वही बाईंपुढे सरकवली. ऐकलेली तीनही वाक्यं त्यांनी एका नव्या पानावर उतरवली होती.

बाईंनी ती मोठ्याने वाचली, अर्थही सांगितला. अर्थ तोच होता.

"काका, ही सिरियल कुठल्या चॅनलवर लागते?" मागच्या बाकावरची नर्स म्हणाली. सगळे हसले. बाबाही हसले, म्हणजे ओठ तेवढे हलवले.

"हसू नका, एकही चूक नाही!" बाईंनी तीनही वाक्यांपुढे लाल खुणा केल्या. "फक्त एक सांगू का काका? सगळं बाकीचेच बोलतायत. त्या वडिलांनाही एखादं वाक्य द्या की."

"बघतो," बाबा म्हणाले. घर त्यांच्याच नावावर होतं, त्यांच्या सहीशिवाय विकलं जाणार नव्हतं.

निघायच्या आदल्या सकाळी मुलाने टेबलावर कागद ठेवला. "बाबा, इथे एक सही करा. मुखत्यारपत्र आहे. कराबिराची कामं असतात, तुम्हाला उगाच हेलपाटे नकोत."

बाबांनी चष्मा लावला आणि कागद सवयीने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"अहो, वाचताय काय? माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुझ्यावर आहे रे. माझ्या डोळ्यांवर नाही." त्यांनी वही आणून कागदावर उघडून ठेवली. "हे मी बाहेरून तपासून आणलंय. एकही चूक नाही म्हणाल्या."

मुलगा वाचत गेला. त्याचे कान लाल झाले. "तुम्ही... स्पॅनिश कधी शिकलात?"

"तुमच्याकडे येणार होतो ना."

सून स्वयंपाकघराच्या दारात थबकली. मुलगा म्हणाला, "बाबा, तसं नाहीये ते. आम्ही नीट सांगणारच होतो."

"कधी? इथे तर तिसरं वाक्य वेगळंच आहे."

मुलाची नजर पानावर खाली सरकली. तीन खुणांखाली एक चौथं वाक्य होतं. त्याच्यापुढे खूण नव्हती.

"ते तेवढं तपासायचं राहिलंय," बाबा म्हणाले. "बरोबर आहे का, बघ जरा."

मुलाने मान वर केली नाही. आजोबांच्या वहीत आपली भाषा बघून नात मात्र टुणकन खुर्चीवर चढली. ती नुकतीच वाचायला शिकत होती. शब्दाखाली बोट ठेवत तिने खणखणीत आवाजात वाचलं, "एल पाद्रे नो बा आ फिर्मार."

वडील सही करणार नाहीत.

आजोबांचं तिच्यापर्यंत पोचलेलं हे पहिलं वाक्य. बाबांनी वेगळं ठरवलं होतं. पोरीने त्यांच्या खिशातली लाल पेन्सिल ओढून घेतली, शाळेत बाई करतात तशी भली मोठी खूण केली, आणि शाबासकीसाठी त्यांच्याकडे पाहिलं.

बाबांनी हात हलवला.