रक्षिताचा जबडा आणि मावशीची घाई

गुंद गावच्या नागूची लेक रक्षिता. तिचा खालचा जबडा लहानपणापासून वरच्या जबड्याच्या पुढं चालायचा. वयात आल्यावर तो आणखी सुटला आणि जाता जाता थोडा डावीकडंही वळला. वरच्या आणि खालच्या दातांची गाठभेट व्हायची ती पार मागच्या दाढांवर. भाकरी पुढच्या दातांनी तोडायची सोयच नव्हती, हातानं तुकडा करून तो दाढेकडं सरकवावा लागे. बोलण्याच्या कामात मात्र त्या जबड्यानं कधी कुचराई केली नाही.

रक्षिता बोलायला लागली की सुप्याच्या धरणाची दारं उघडल्यासारखं व्हायचं. गावाजवळच्या एका होमस्टेत ती पाहुण्यांना रान दाखवायचं काम करायची. धनेश पक्षी कुठं बसतो, काय खातो, ढोलीत बसलेल्या बायकोला चोचीनं कसं भरवतो, हे ती इतकं रंगवून सांगायची की ऐकणाऱ्याला धनेश बघितल्यासारखाच वाटायचा. ते बरंच होतं, कारण तिचा आवाज कानावर पडताच खरा धनेश पलीकडच्या डोंगरावर निघून गेलेला असायचा.

लग्नाची स्थळं आली ती चहा पिऊन परत गेली. लोक म्हणायचे, जबड्यामुळं. तिची आई केशर काही म्हणायची नाही, पण तिला खरं कारण ठाऊक होतं. एका स्थळाच्या काकाला रक्षितानं कप हातात देतानाच सांगितलं होतं की तुमच्या मिशीचा रंग घामानं गळ्यापर्यंत आलाय. दुसऱ्या मुलानं आपल्याला शांत बायको हवी असं म्हटल्यावर तिनं विचारलं होतं, मग म्हस का बघत न्हाई?

बेळगावला ती गेली ती लग्नासाठी नव्हे. जबडा दुखायचा, चावताना कानाजवळ कटकट वाजायचं, म्हणून गेली. तिथल्या सोनिया डॉक्टरांनी फोटो काढले, दातांचे प्लॅस्टरचे साचे घेतले आणि समजावून सांगितलं की नुसत्या तारा लावून हे भागणार नाही. आधी तारांनी दोन्ही जबड्यांचे दात आपापल्या जागी सरळ करायचे, मग ऑपरेशन करून खालचा जबडा कापून मागं सरकवायचा, नंतर पुन्हा काही महिने तारा. आणि एक गोष्ट त्यांनी बजावली. ऑपरेशनच्या आधी चेहरा सुधारणार नाही, उलट बिघडल्यासारखा दिसेल, कारण वाकडे दात आतापर्यंत जबड्याचा दोष झाकत होते.

रक्षितानं हे सगळ्या गावाला समजावून सांगितलं, पण पटलं कुणालाच नाही. तारा लागल्या, दात सरळ होत गेले आणि हनुवटी खरंच आणखी पुढं दिसू लागली. पोरीनं बेळगावला जाऊन मुद्दाम बिघडवून आणलं, असं गावात बोलणं झालं. नागू आठवड्यातून चार शब्द बोलणारा माणूस. तोसुद्धा एकदा जेवताना लेकीकडं बघत म्हणाला, "आनि किती फुडं जानार हाय?"

शेवटी ऑपरेशन झालं. जबडा कापला, मागं घेतला, सरळ केला, पट्ट्या आणि स्क्रू लावून बसवला. वरच्या आणि खालच्या तारांना बारीक हुक होते, त्यांना डॉक्टरांनी इवलीइवली रबरं अडकवून तोंड बंद करून टाकलं. कितीतरी दिवस चावायचं नाही, तोंड उघडायचं नाही, जे काय पोटात जाईल ते पातळ. गळ्यात दोरीला एक छोटी कात्री बांधून दिली. उलटी झाली, जीव घाबरला, तरच रबरं कापायची. एरवी हात लावायचा नाही.

रक्षिता घरी आली आणि घरात अशी काही शांतता पसरली की कुत्रं दोनदा दारात येऊन बघून गेलं. केशरनं शेजारच्या गावातून मिक्सर मागून आणला. नाचण्याची आंबील झाली, कुळथाचं कढण झालं, मग गावातल्या बायकांना हुरूप आला. कुणी कणगीचे कंद उकडून वाटून पाठवले, कुणी माशाचं कालवण गाळून. केशरची बहीण भाग्यलक्ष्मी, म्हणजे भागीमावशी, तिनं रामनगरहून बाटलीत भरून पुरणपोळी पाठवली. रक्षिता नळीनं सगळं ओढायची आणि म्म्म् एवढंच म्हणायची. आवडलं तरी म्म्म्, नाही आवडलं तरी म्म्म्. बायका खूश होत्या. इतक्या वर्षांत तिच्याकडून नाव न ठेवता कुणाचं कालवण सुटलं नव्हतं.

ही बातमी ऐकून भागीमावशी स्वतःच पिशवी घेऊन गुंदला आली. तिनं भाचीकडं नीट बघितलं. सूज उतरली होती, हनुवटी जागेवर आली होती, चेहरा सरळ झाला होता, आणि मुख्य म्हणजे तोंड बंद होतं. मावशी केशरला घेऊन मागच्या दारी गेली.

"अशी संधी परत यायची न्हाई," ती म्हणाली. "रबरं निघायच्या आत पोरगी दाखवून टाकूया."

केशर आधी नको म्हणाली. फसवल्यासारखं होईल असं तिला वाटलं. मावशी म्हणाली, फसवायचं काय त्यात, तोंड तिचंच आहे, फक्त बंद आहे. स्थळही तिनं आधीच बघून ठेवलं होतं. बाजारकुणंगचा गुरुदास. कंदमुळं लावतो, स्वतःचा टेम्पो आहे, घरी आई फुलाबाई एकटी. रक्षिताला हे कळलं तेव्हा तिनं पाय आपटून आपटून म्म्म् केलं. मावशीनं शेजाऱ्यांना सांगितलं, पोरगी लाजते, पण तयार आहे.

ठरल्या दिवशी मावशीनं सकाळीच रक्षिताचा फोन काढून घेतला. आज गुंदात करंट नाही म्हणून वरच्या वाडीत चार्जिंगला पाठवला, असं म्हणाली. घरात कागद-पेन नव्हतंच, म्हणजे लिहून दाखवायचीही सोय संपली.

टेम्पोतून फुलाबाई आणि गुरुदास दोघंच उतरले. फुलाबाई जाडजूड, हसरी, पदरात नाचण्याच्या लाडवांचा डबा. गुरुदास उंच, कानाच्या पाळ्या उन्हानं रापलेल्या, बसल्या जागेवरून हलायचं नाही असं ठरवून आल्यासारखा बसला. रक्षितानं चहा आणला.

फुलाबाईंनी नाव विचारलं.

"म्म्म्‌म्म्."

"रक्षिता म्हनती," मावशीनं सांगितलं. "मोठ्यांपुढं तोंड उघडत न्हाई. त्यात आज तिचं मौन हाय. आनि उपास."

फुलाबाईंचा ऊर भरून आला. हल्लीच्या पोरीत असं वळण कुठं बघायला मिळतं, असं त्या म्हणाल्या. मग मावशीला जोर चढला. रक्षिता काय काय म्हणते ते ती सांगत सुटली. पहाटे उठते म्हणते. सासूच्या शब्दाबाहेर जाणार नाही म्हणते. भांडण तिला ठाऊक नाही म्हणते. दर वाक्याला रक्षिता म्म्म् करत होती, आणि ते म्म्म् जितकं मोठं होई तितकं मावशी जास्त गोड भाषांतर करी. फुलाबाईंना इतकं भरतं आलं की उपासाला नाचणी चालते असं त्यांनी स्वतःच ठरवलं, लाडवाचा तुकडा घेतला आणि तोंड गोड कर बाय, म्हणून रक्षिताच्या ओठांत सारला. आत बंद दारावर तो आपटला आणि त्याचं पीठ होऊन हनुवटीवरून सांडलं. फुलाबाईंनी दुसरा तुकडा घेतला. त्याचंही तेच झालं.

"खायाचं मनातच न्हाई तिच्या," मावशी म्हणाली. "लग्न ठरल्याचाच आनंद. आनि ती जंगलातली नोकरीबी सोडनार म्हनती."

एवढं ऐकलं आणि रक्षिताचा हात गळ्यातल्या कात्रीकडं गेला. केशर उठून पोचेपर्यंत कचकच आवाज झाला. एक रबर उडून नागूच्या मांडीवर पडलं, एक मावशीच्या चहात. उरलेली रक्षितानं बोटांनी काढून टाकली आणि तोंड उघडलं.

उघडलं म्हणजे जेमतेम करंगळी जाईल एवढं. जीभ इतके दिवस बसून जड झालेली, खालचा ओठ अजून बधिर, त्यामुळं प, ब, म ही अक्षरं ओठांवर येईनात. तरी तिनं सगळा जोर लावला.

"ह्या न्योहरी होडनार न्हाई."

म्या नोकरी सोडणार न्हाई, असं तिला म्हणायचं होतं. फुलाबाईंना न्याहारी ऐकू आली.

"सोड म्हनतंय कोन बाय?" त्या कळवळून म्हणाल्या. "आमच्यात तर दोनदा न्याहारी हुती."

रक्षितानं मान हलवली, हनुवटीकडं बोट दाखवलं. "ऑहरेशन."

"रेशन? कारड हाय की आमचं."

"जहडा. जहडा काहला."

फुलाबाईंचा चेहरा पडला. झगडा कुणाशी झाला, असं त्या केशरला विचारू लागल्या. रक्षिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मावशीकडं बोट केलं. "हावशी खोटं होलती."

"हौशी हाय ती," फुलाबाई म्हणाल्या, "ते दिसतंयच."

तेव्हा गुरुदासनं कप खाली ठेवला. आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता.

"आये, तिच्या जबड्याचं आपरेशन झालंय. नोकरी ती सोडनार न्हाई. आनि मावशी खोटं बोलती."

मावशी चहात तरंगणाऱ्या रबराकडं बघत बसली. तुला हे कसं समजलं, असं फुलाबाईंनी लेकाला विचारलं. तुम्ही सगळी मावशीच्या तोंडाकडं बघत होता, मी हिच्या, एवढंच तो म्हणाला आणि त्याचे रापलेले कान लाल झाले.

राग ओसरला तशी रक्षिताला धडकी भरली. इतक्या कष्टानं मागं नेलेला जबडा आता परत पुढं धावणार, असं तिच्या मनानं घेतलं. दोन्ही हातांनी तिनं हनुवटी धरून ठेवली. जादा रबरांचं पाकीट घरात होतं, पण बधिर ओठाला हुक कुठं आहे ते कळेना. डॉक्टरांना फोन करायचा तर गुंदात रेंज नाही. गुरुदासनं सगळ्यांना टेम्पोत घातलं आणि वरच्या वळणावर नेलं. तिथं आंब्याखाली उभं राहिलं की रेंज येते.

सोनिया डॉक्टर फोनवर दिसू लागल्या. हकिकत ऐकून त्या आधी रागावल्या, मग त्यांनी समजूत घातली. हाड पट्ट्यांनी धरलेलं आहे, कुठं जात नाही, पण रबरं आत्ताच्या आत्ता परत लागली पाहिजेत आणि उद्या दाखवायला यायचं. आता लावणार कोण? केशरचा चष्मा घरी राहिलेला. फुलाबाईंच्या जाड बोटांत रबर धरवेना. गुरुदास पुढं झाला, तेव्हा नागूनं घसा खाकरला, तसा तो मागं झाला. उरली मावशी.

भागीमावशीनं पदर खोचला आणि भाचीच्या तोंडात बोटं घातली. पहिलं रबर गटारात गेलं. दुसरं तिच्या बांगडीला अडकलं. फोन धरलेल्या केशरला तो कुणावर रोखायचा ते कळेना, त्यामुळं डॉक्टर मागच्या हुकाला लावा, मागच्या, म्हणत होत्या आणि त्यांना दिसत होती ती म्हाळसादेवीच्या नथीएवढी मावशीची नाकपुडी. जोयड्याची बस आली ती थांबली. ड्रायव्हर उतरून सल्ला देऊ लागला, खिडकीतून दोन म्हाताऱ्यांनी लिंबाचा रस लावायला सांगितला.

तोंड पुन्हा बंद होणार हे दिसताच रक्षितानं वेगळंच सुरू केलं. प्रत्येक रबराच्या आधी ती मावशीचा हात धरून थांबवायची आणि गुरुदासला एक प्रश्न विचारायची. माझ्या नोकरीचं तुझ्या मनात काय आहे? तो म्हणाला, सोडू नको, पण मला कणगी लावता येतात, बोलता येत नाही. गिऱ्हाईक येतं, बघतं, जातं. कुणीतरी बोलणारं पाहिजेच आहे. एक रबर लागलं. तुला शांत बायको पाहिजे का? नको, म्हणाला, घरात आई झोपली की भिंतींचा आवाज येतो. आणखी एक लागलं. शेवटच्या रबराआधी तिनं त्याला प्रश्न केला नाही.

"रहर निघाल्यावर या," ती म्हणाली. "आधी ऐका. हग ठरवा."

मावशीनं शेवटचं रबर अडकवलं. डॉक्टरांनी शाबास म्हटलं आणि फोन कट झाला. मावशी रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि तिनं केशरकडं पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी बेळगावला तीच बरोबर गेली, आपणहून.

रबरं निघाली, मग बरेच दिवस मऊ भात आणि खिमट. बोलणं हळूहळू सुधारलं, ओठात मुंग्या येऊन तो जागा झाला. एका सकाळी केशरनं तव्यावरची भाकरी तिच्यापुढं धरली. रक्षितानं ती हातानं मोडली नाही. कड तोंडात धरली, पुढच्या दातांनी दाबली आणि भाकरी तुटली. तो तुकडा हातात घेऊन ती कितीतरी वेळ त्याच्या कडेवर उमटलेले दात बघत बसली. केशरनं विचारलं, दुखलं काय? तिनं नुसती मान हलवली. बोलावंसं वाटलं नाही असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी फुलाबाई आणि गुरुदास आले. रक्षिता फाटकापासून बोलायला लागली. तुमच्या लाडवात गूळ कमी होता, हे तिनं पहिल्यांदा सांगितलं. फुलाबाईंनी कंबर कसली आणि त्याही सुरू झाल्या. दुपारपर्यंत दोघींचं गुळावरून तांदळावर आणि तांदळावरून गावातल्या भांडणांवर आलं होतं. गुरुदास खांबाला टेकून ऐकता ऐकता झोपला, तोंडावर समाधान घेऊन.

लग्न उन्हाळ्यात झालं. तारा अजून दातांवर होत्या. फोटो काढणाऱ्यानं तोंड मिटून हसायला सांगितलं, ते तिनं ऐकलं नाही. मांडवात पंगत बसली, पानं वाढून झाली आणि बायकांनी नाव घ्यायचा आग्रह धरला. रक्षिता उभी राहिली. आधी तिनं ऑपरेशन कसं करतात ते सविस्तर सांगितलं. जेवणारे भातावर हात ठेवून थांबले होते. मग म्हणाली,

"जबडा आला जाग्यावर, रबरं घेतली खेचून,
गुरुदासरावांचं नाव घेते, मावशीच्या नाकावर टिच्चून."

भागीमावशी सगळ्यांत मोठ्यानं हसली आणि शेजारणीला सांगू लागली की ही सोयरीक आपणच जुळवली. फुलाबाई दुसरं नाव घे म्हणाल्या. नागूनं मात्र कुणाची वाट न बघता भाताला हात घातला.