काकू बसल्यावर पाच लिटर

गाडीत ऑईल किती घालायचं, एवढासा प्रश्न. पण त्यावरून दोन बाप्यांनी सकाळपासून घरचं गॅरेज डोक्यावर घेतलं होतं. आणि जिच्या नवऱ्याची गाडी, त्या काकू दाराशी स्टुलावर ढिम्म बसून होत्या.

नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. काकू अजून रडल्या नव्हत्या. दात काढून आल्यावर गाल कसा आपला असून आपला नसतो, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. लोक म्हणायचे, काय खंबीर बाई आहे! खंबीर कसली डोंबलाची? काही वाटतच नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

गाडी काकूंपेक्षाही म्हातारी, नवऱ्याचा जीव की प्राण. आज दुपारी लेक येऊन ती स्वतः चालवत आपल्या घरी नेणार होती आणि पल्ला लांबचा होता. वर्षभर उभ्या गाडीतलं जुनं ऑईल मिस्त्रीनं काढून टाकलं, आणि तिथंच घोडं अडलं. नवीन कमी पडलं तर बेअरिंगं जळणार. जास्त झालं तर सील फोडून बाहेर येणार. या इंजिनाचा एक पार्टही आता कुठे मिळत नाही. म्हणजे आज चुकलं की गाडी कायमची गेली.

"वहिनी, पुस्तकात स्वच्छ छापलंय. पाच लिटर!" धाकटे दीर म्हणाले.

"पुस्तक कंपनीतून निघालेल्या इंजिनाचं हो, भाऊसाहेब," मिस्त्री म्हणाला. "याचं ऑईलचं खालचं चेंबर कधीतरी बदललेलं दिसतंय. मी साडेचार ओतलं तर ऑईल मोजायच्या पट्टीवर फुल्ल दाखवतंय. पट्टी कशाला खोटं बोलेल?"

"आणि छापलेलं खोटं काय?"

"मग ओता तुम्हीच! जळलं तर माझ्या नावानं खडे फोडू नका."

दिरांनी हात टेकले आणि काकूंकडे वळले. "वहिनी, दादा कसं बघायचा हो ऑईल?"

"मला काय कळतंय त्यातलं?" काकू म्हणाल्या. "दर रविवारी बघायचे. मला हाक मारायचे, ये गं, बस जरा मागे. मी आपली चहाचा कप घेऊन मागच्या सीटवर बसायची. ते बॉनेटमध्ये डोकं घालून काहीबाही बडबडायचे."

"गाडीत माणूस बसवून?" मिस्त्रीनं भुवया चढवल्या. "असं कोणी ऑईल बघतं का, काकू?"

"ते बघायचे. आमचं भांडण झालेलं असलं तरी हाक यायचीच. मग मी तोंड फिरवून बसायची."

मिस्त्रीनं वाकून फरशी न्याहाळली. त्यानं खिशातून बेअरिंगची एक गोळी काढली आणि फरशीवर ठेवली. गोळी दाराकडे जी सुटली ती थेट बाहेर.

"अरे तिच्या! उतार आहे की! गाडीचं नाक दाराकडे, म्हणजे नाक खाली. ऑईल सगळं पुढे जमा होतंय आणि पट्टीही पुढेच. म्हणून साडेचारला फुल्ल! काकू, बसा बरं मागे."

काकू उठून मागच्या सीटवर बसल्या. गाडी मागून थोडी दबली. मिस्त्रीनं पट्टी काढली, तर ऑईल खुणेच्या खाली. मग त्यानं जपून, थोडंथोडं ओतलं. खुणेला टेकलं तेव्हा बरोबर पाच लिटर झालं होतं.

"तरी सांगत होतो!" दीर म्हणाले.

"तुम्ही सांगत होता, पण काका ते करत होते," मिस्त्री म्हणाला. "बाहेर रस्ता याहून उताराचा, म्हणजे गाडी बाहेर काढूनही उपयोग नाही. गाडी सरळ व्हायला मागे वजन हवं, म्हणून काकूंना बसवायचे."

वजन. काकूंनी शब्द ऐकला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, नवऱ्याला सोबत लागते. आणि आपण नुसतं वजन होतो! राग यायला हवा होता, पण तोही मेला आला नाही. "चला, उपयोग तरी झाला," असं म्हणून त्यांनी दाराच्या हँडलवर हात ठेवला.

"थांबा, थांबा!" दीर एकदम म्हणाले. "आत्ता डोक्यात प्रकाश पडला. ती वाळूची पोती! लग्नाआधी दादा ऑईल बघायच्या आधी दोन पोती मला मागच्या सीटवर टाकायला लावायचा. पाठ मोडायची माझी. का ते कधी सांगितलं नाही. तुमचं लग्न झालं आणि पहिल्याच रविवारी म्हणाला, पोती देऊन टाक कुणाला तरी. म्हटलं, का रे? तर म्हणाला, आता ती येईल की."

"पोती फाटली होती का?" काकूंनी विचारलं.

"छे! चांगली धडधाकट होती."

काकूंचा हात हँडलवरून खाली आला. छातीत कुठेतरी कळ आली, खरीखुरी.

"मेलं एकदा तोंडानं सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" त्या पुढच्या रिकाम्या सीटला म्हणाल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या.

दीर घाबरून फरशीकडे बघत राहिले. मिस्त्री पट्टी पुसत हळूच म्हणाला, "काकू, माप झालंय. आता उतरलात तरी चालेल."

"तुमचं झालं असेल," काकू रडतच म्हणाल्या. "मी बसणार आहे."