दुसरं पिवळं कार्ड

मला फुटबॉल कळतो असा कुणाचा समज असेल तर तो आधीच काढून टाका. मी स्वारगेटजवळच्या एका शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवली. पी.टी.च्या मास्तरला सगळंच थोडं थोडं येतं, म्हणजे धड काहीच येत नाही. मला कळायचे ते कागद. कुणाचा जन्मदाखला खोटा आहे, कुणाचं ना हरकत पत्र कुठल्या जिल्ह्यात अडकलंय, कुणाचं रजिस्ट्रेशन संपलंय, हे मी झोपेत सांगितलं असतं. पुण्याच्या जिल्हा लीगमध्ये वीस वर्षं टीमांची मॅनेजरकी केली ती याच जोरावर. ‘बद्री सरांच्या हातचा कागद म्हणजे बघायला नको,’ असं रेफरीसुद्धा म्हणायचे, आणि मला ते ऐकायला भारी आवडायचं.

म्हणून निवृत्त झाल्यावर हिंजवडीच्या हिंमतरावांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता काचेच्या कंपन्या उभ्या आहेत. जमीन गेल्यावर गावातल्या इतरांनी मंगल कार्यालयं काढली, यांनी फुटबॉलचा क्लब काढला. थोरल्या मुलाला नाद होता म्हणे. मुलगा अमेरिकेला गेला आणि क्लब यांच्या गळ्यात राहिला. गावच्या देवावरून नाव ठेवलं ‘म्हातोबा स्पोर्टिंग’, आणि दोन हजार नऊ साली आम्ही देशाच्या दुसऱ्या विभागात खेळत होतो.

दुसरा विभाग म्हणजे काय, ते सांगावंच लागेल, कारण पुण्यात क्रिकेट सोडून काही बोललं की लोक ‘हो का?’ म्हणतात आणि पेपर उघडतात. वर पहिला विभाग. तिथे टीव्ही, विमानं, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक खेळाडूशी लेखी करार. तो नसेल तर क्लबला परवानाच मिळत नाही. खाली आम्ही. आमचा हंगाम दोन महिन्यांचा. देशभरातल्या टीमांचे गट पाडायचे, एकेक गट एकेका गावात नेऊन टाकायचा, एक दिवसाआड मॅच, तीही दुपारी तीनच्या उन्हात, कारण मैदानावर दिवे नाहीत. त्यातून सहा टीमा अंतिम फेरीला येतात. सहातल्या दोन वर जातात. उरलेल्या चार घरी जातात, आणि त्यातली एखादी पुढच्या वर्षी दिसतच नाही, कारण तोवर मालकाचा उत्साह आटलेला असतो.

आमचा स्ट्रायकर ज्ञानदेव. वाशिमकडचा, वय तीस पूर्ण. सकाळी सराव करायचा आणि दुपारपासून एका आयटी कंपनीच्या गेटवर उभा राहून गाड्यांखाली आरसा सरकवायचा. भाड्याच्या एका खोलीत सहा जण राहायचे. बायको शालू आणि चार वर्षांची मुलगी गावी. दिवाळीला चार दिवस काय तो भेटायचा. हंगामाच्या सुरुवातीला हिंमतरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “वर गेलो का ज्ञानदेवाचा तीन वर्षांचा करार, आन् आमच्या चाळीतली एक खोली. म्हातोबाची आण हाय.” त्या दिवसापासून तो माझ्या मागेच लागला. “सर, तुमच्या शाळेत घेतील का पोरीले?” मी म्हटलं, अरे वेड्या, हिंजवडीहून स्वारगेटला यायला दीड तास लागतो, तोवर तिची शाळा सुटेल. आधी वर तर जा! तो हसला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलंन, की मग तिकडे जवळ कुठली चांगली आहे.

अंतिम फेरी पुण्यातच होती. पाचपैकी चार मॅचेस झाल्या होत्या. शेवटची कोलकात्याच्या टीमशी, रविवारी. जिंकलो तर वर, बरोबरी झाली तरी खाली, इतकं ते सोपं होतं.

आता आमच्या क्लबची एक रीत सांगतो. मॅचआधी टीम शीट भरायची असते. अकरा खेळणारे, सात बदली, खाली मॅनेजरची सही, आणि मॅचच्या सव्वा तास आधी ती मॅच कमिशनरच्या हातात. सगळ्या क्लबांत ती ड्रेसिंग रूममध्ये भरतात. आमच्याकडे आदल्या दिवशीच भरायची. मग हिंमतराव ती देवळात नेऊन म्हातोबाच्या पायांशी ठेवायचे, हळद लावून आणायचे, आणि त्यानंतर त्यात काना-मात्रासुद्धा बदलायचा नाही. आदल्या वर्षी एका कोचनं ऐनवेळी दोन नावं बदलली. आम्ही पाच गोलांनी हरलो. हिंमतरावांनी त्याला मैदानातच सगळ्यांसमोर सोलून काढला. “देवाला एक दाखवायचं आन् मैदानात दुसरंच? देव काय येडा हाय का?” त्याच संध्याकाळी तो गडी गाडीत बसून गोव्याला गेला.

शनिवारच्या शीटवर नऊ नंबरला ज्ञानदेवचं नाव मी माझ्या हातानं लिहिलं. त्याची दोन पिवळी कार्डं झाली होती. एक गटाच्या फेरीत, पंजाबात, गोल झाल्यावर शर्ट काढून फिरवला म्हणून. मी त्या दिवशी तापानं लॉजवर पडून होतो, पण त्यानं संध्याकाळी येऊन सांगितलं होतं. दुसरं गुरुवारी, रेफरीशी हुज्जत घातली म्हणून. दोन पिवळी झाली की पुढची मॅच बाहेर बसायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आमच्या जिल्हा लीगमध्ये फेरी बदलली की मागची कार्डं पुसतात. वीस वर्षं मी तेच बघत आलो. इथेही तसंच असणार, हे मी धरून चाललो. विचारावंसंही वाटलं नाही. कागदांतला बद्री सर दुसऱ्याला विचारणार? छे!

लीगची पत्रं मेलनं यायची. मला मेल उघडता येत नाही. ते काम हिंमतरावांच्या पुतणीकडे, उत्कर्षाकडे होतं. ती तिथल्याच एका कंपनीत इंजिनिअर. आठवड्यातून एकदा सगळं छापून आणून द्यायची. त्या आठवड्यात आलीच नाही. रविवारी दुपारी दीडला धावतपळत मैदानावर उगवली.

“सर, सॉरी हां! ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, दहा दिवस मान वर करायला वेळ नव्हता. वाचलं काहीच नाही, डायरेक्ट प्रिंट मारून आणलंय.”

सहा पानं होती. पाणी कुठे ठेवायचं, ॲम्ब्युलन्स कुठे उभी करायची. पाचव्या पानावर लिहिलं होतं की यंदापासून गटाच्या फेरीतली पिवळी कार्डं अंतिम फेरीतही धरली जातील.

शीट द्यायला पंधरा मिनिटं होती. कोऱ्या शीटा माझ्या बॅगेत होत्या. बदली स्ट्रायकर समर्थ बूट घालून तयार होता. बावीस-तेवीसचं चपळ पोरगं, एखादा गोल त्यानंही मारला असता. नऊ नंबरला त्याचं नाव लिहायचं, बस्स. हात दुखून आला नसता.

मी हिंमतरावांकडे गेलो. ते दोरीपाशी गावच्या तीस-चाळीस माणसांत उभे होते. गुलालाची पोती आणलेली, ताशावाले येऊन बसलेले.

“हिंमतराव, जरा बाजूला...”

“काय वो? कागद दिला का न्हाई अजून?” त्यांनी माझ्या हातातली शीट घेतली, हळदीचं बोट लागलं होतं तिथे कपाळ टेकवलं आणि परत दिली. “जावा बिगीबिगी. आज म्हातोबा पाठीशी हाय.”

मी म्हणालो, “देतोय.”

कशाला घाबरलो मी? बासष्ट वर्षांचा माणूस, पेन्शन चालू, पोरं मार्गी लागलेली. हिंमतराव काय मला फाशी देणार होते? चार शिव्या दिल्या असत्या. पण त्या चाळीस माणसांपुढे त्यांनी विचारलं असतं, की सर, नियम तुमाला ठावं नव्हता का? आणि मला ‘नव्हता’ म्हणावं लागलं असतं. ते माझ्या तोंडून निघेना. मग मी स्वतःला सांगितलं, दुसऱ्या विभागात कोण मोजत बसलंय कार्डं? कमिशनर म्हातारा आहे, शीटकडे धड बघतही नाही. सही केली आणि दिली.

परत आलो तर ज्ञानदेव नाडी बांधत बसला होता. त्यानं वर बघितलं. “सर, माही दोन पिवळी झाली ना? मांगचं धरत नाहीत ना इथं?”

“नाही,” मी म्हटलं. “खेळ तू.”

आणि खेळला हो. काय खेळला! पहिला गोल डोक्यानं, दुसरा ऐंशीव्या मिनिटाला, दोघांना झुकांडी देऊन. दोन-एक. त्यानं शर्टाला हातही लावला नाही, उगाच तिसरं पिवळं नको म्हणून. शिट्टी वाजली आणि गावानं मैदान गुलालानं भरून टाकलं. ज्ञानदेव त्या सगळ्या गोंधळात सेंटर सर्कलमध्ये उकिडवा बसून शालूला फोनवर ओरडून सांगत होता, की बांध सामान. मी त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होतो. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोलकातेकरांची लेखी तक्रार आली. त्यांचा मॅनेजर माझ्याच जातकुळीतला निघाला, कागदातला माणूस. सगळ्या टीमांची सगळी कार्डं त्यानं वहीत उतरवून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी निकाल फिरला. बाद खेळाडू खेळवला म्हणून आम्ही शून्य-तीननं हरलो असं धरलं. आम्ही तिसरे आलो, आणि वर दोनच जातात.

हिंमतराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. “कागद बघायलाच ठिवलं होतं सर तुमाला,” एवढंच म्हणाले, आणि आठवडाभरात क्लब बंद केला. सरावाच्या मैदानावर आता गाड्या लावतात.

पण प्रकरण तिथे मिटलं नाही. बाद खेळाडू खेळवला म्हणजे कुणीतरी दडवलं, आणि कुणी ते ठरवायला तिघांची समिती बसली. मॅनेजरनं जाणूनबुजून केलं असेल तर तो कायमचा बाद, जिल्हा लीगमधूनसुद्धा. खेळाडूनं दडवलं असेल तर शिक्षा खेळाडूला. आम्हा दोघांना एकाच दिवशी बोलावलं होतं. बाहेरच्या बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. ज्ञानदेव गेटवरच्या युनिफॉर्ममध्येच आला होता, टोपी मांडीवर.

तो म्हणाला, “सर, मले एकच सांगा. तुमाले माहीत नव्हतं ना?”

“नाही रे.”

“तेच म्हणलं मी. सर माह्या जिवावर असं नाही करणार.” त्यानं टोपी उलटी-सुलटी केली. “मी अजून धा वर्सं आरसा फिरवीन. तुमची तर आयुष्यभराची अब्रू हाय.”

मला कळलं तो काय करणार आहे. तेव्हाच त्याचा हात धरायला हवा होता. नाही धरला.

आत अध्यक्षांनी त्याला विचारलं, की पंजाबात मॅनेजर मैदानावर नव्हते, तर तिथल्या कार्डाचं तू त्यांना सांगितलं होतंस का? ज्ञानदेव म्हणाला, नाही साहेब. मॅचआधी विचारलंस? नाही साहेब, खेळायचं होतं म्हणून गप्प बसलो. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. मी म्हणालो, मला कल्पना नव्हती. तिघांनी माना डोलावल्या. त्यातला एक मला वीस वर्षं ओळखत होता. तो बाकीच्यांना म्हणाला, बद्री सरांच्या हातून असं होणं शक्य नाही.

आठ दिवसांनी पत्र माझ्या घरी आलं. इंग्रजीत होतं, म्हणून वाचून घ्यायला ज्ञानदेव ड्युटीआधी स्वारगेटला आला. स्टँडसमोरच्या अमृततुल्यात चहा घेत मी वाचलं. त्याला दोन वर्षं बंदी. मला ताकीद.

“बत्तीसचा होतो मंग मी,” तो म्हणाला. नंतर म्हणाला, “तुमचं नाव वाचलं ना, बरं झालं.” मनापासून म्हणाला. टोमणा असता तर मी ओळखला असता. आम्हा पुणेकरांना तो नाकानं कळतो.

मग त्यानं फोन लावला, दोन शब्द बोलला आणि माझ्यापुढे धरला. “शालू हाय. तिनं सामान बांधून ठेवलं, ऐकतच नाही माहं. तुमीच सांगा सर, कशी चूक झाली थे.”

मी फोन कानाला लावला. आवाज ओळखीचा नव्हता, पण बोलणं सगळं त्याच्यासारखंच. मी सांगितलं. कार्डाचं, नियमाचं, समितीचं. ज्ञानदेव समोर बसून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता, बरोबर सांगताय म्हणून.

ती म्हणाली, “पण सर, थे तर सारं तुमालेच पुसून करतात. यक् यक् गोष्ट पुसतात. मंग हे काहून नाही पुसलं?”

ज्ञानदेवनं चहाचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

“नाही विचारलं त्यानं,” मी म्हणालो.