पाणी घातलंस का?

धाकटीने ते रोप घरी आणलं, तेव्हा तिची थोरली जाऊ तिच्याशी बोलत नव्हती. निमित्त स्वेटरचं. थोरलीचा निळा लोकरी स्वेटर धाकटीने कढत पाण्यात बुचकळला आणि तो बाहुलीला बसेल एवढा होऊन बाहेर आला. "तुझ्या हातात सगळं आखूडच होतं गं!" म्हणून थोरलीने जो अबोला धरला, तो धरला.

त्यात हे बोन्साय! रोपांच्या दुकानातल्या सवलतीच्या फळीवर मान वाकडी करून बसलेलं जेडचं रोप. वीतभर उंची, गुबगुबीत पानं, खोड पेन्सिलीएवढं. "याचं झाड कधी होणार?" तिने विचारलं, तर रोपवाला हसला. "घाई असेल तर मेथी लावा, बाई."

थोरलीने रोप पाहिलं आणि भिंतीला सांगितलं, "आता झाडंही आखूड करायला घेतली!"

दोन भावांचं एकच घर, एकच गॅलरी. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला. सकाळी निघताना रोपाला पाणी घालायची. थोरली इस्पितळात नर्स. रात्रपाळी करून ती परतायची, तेव्हा घरात कुणी नसायचं.

पानं पिवळी पडू लागली. एक गळलं, दुसरं गळलं, मग नुसता हात लागला तरी झडायची. पाणी कमी पडतंय असं वाटून धाकटीने ते वाढवलं.

सुट्टीच्या दिवशी ती गॅलरीत आली, तर थोरली पेला घेऊन कुंडीवर वाकलेली.

"ताई, तुम्ही पाणी घालता याला?"

"मग काय करू? हौसेने आणलंस आणि विसरलीस. माझं भांडण तुझ्याशी, याच्याशी नाही."

"अहो, मी रोज घालते!"

"रोज?" थोरलीने कपाळावर हात मारला. "अगं बाई, दोघींनी मिळून बुडवलं की याला!"

धाकटीला आधी हसू फुटलं, मग रडू.

त्यांनी रोप उपटलं. मुळं काळी पडली होती. थोरलीने जखम साफ करावी तशी कुजकी मुळं कापली; धाकटीने चष्म्याचे स्क्रू धरायच्या चिमट्याने उरलेली सोडवली. कोरड्या मातीत रोप बसलं आणि घरात एक नियम झाला: विचारल्याशिवाय पाणी नाही.

"पाणी घातलंस का?" या एका प्रश्नाला धरून मग बाकीचं बोलणंही आलं. नवऱ्यांच्या तक्रारी आल्या, दुखरे गुडघे आले. वर्षं गेली. फांद्यांना वळण द्यायला तार गुंडाळायची, ती सालीत रुतायच्या आत सोडायची. खोड जाड व्हावं म्हणून शेंडा मोकाट वाढू द्यायचा, मग छाटायचा. "हात कसा उचलवतो गं तुला?" थोरली दर वेळी कळवळायची आणि छाटल्या जागी दोन कोंब फुटले की पहिली हाक तिचीच असायची. पेन्सिलीचं खोड अंगठ्याएवढं झालं, अंगठ्याचं मनगटाएवढं. खालची डावी फांदी थोरलीची लाडकी.

मग थोरलीला बढती मिळाली, दूरच्या गावी. खोकी भरली जात होती आणि झाडाचं नाव कुणी काढत नव्हतं. प्रश्न झाडाचा नव्हताच. उद्यापासून सकाळी विचारायचं काय आणि कुणाला?

"झाड इथेच राहू दे," शेवटी थोरली म्हणाली.

धाकटीने कात्री घेतली आणि खालची डावी फांदी कापली.

"अगं, एवढ्या वर्षांची फांदी!"

"जेड आहे ताई, फांदीचंही झाड होतं. आधी कापलेलं तोंड सुकू द्या, मग मातीत खोचा. मूळ धरेपर्यंत पाणी नाही."

थोरलीने खोक्याच्या तळातून काहीतरी काढून फांदीला गुंडाळलं. तो निळा स्वेटर! "बाहुली काही मिळाली नाही," ती म्हणाली.

नव्या गावाहून रोज सकाळी फोन यायचा. "घालू का गं पाणी?"

"नको, ताई."

"बिचारं सुकलंय."

"सुकू दे. हात आवरा."

एका सकाळी मात्र प्रश्न आलाच नाही. "ऐक ना," थोरली कुजबुजली, जणू झाड जागं होईल. "हळूच ओढून पाहिलं. आलं नाही गं! धरून बसलंय."

धाकटीने आपल्या झाडाकडे पाहिलं. डावीकडच्या रिकाम्या जागी हिरवा ठिपका आला होता.

"मग घाला," ती म्हणाली. "पण मी सांगितलं म्हणून रोज नाही हं!"