गोंगाट कशाला म्हणायचं

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला सगळे तेलमावशी म्हणत, कारण तेलाची कुपी तिच्या पिशवीतून कधी सुटली नव्हती. चाळीस वर्षं ती घरोघर जाऊन मशीनं ऐकत आली होती. हो, ऐकतच. आधी कान, मग पेचकस. पण यंदा गुडघ्यांनी संप पुकारला आणि डॉक्टरांनी जिने बंद केले. जिने बंद म्हणजे घरं बंद, आणि घरं बंद म्हणजे हात रिकामे.

तोड काढली भाचीने. "मावशी, तू जाऊ नकोस, तुझा आवाज जाऊ दे. पॉडकास्ट कर."

जवळच्या शिवणवर्गाच्या बाईंनी होकार दिला, पण अट घालून. शुक्रवारी अकरा वाजता पहिला भाग मुलींना ऐकवायचा. मुलींना पटला तर दर आठवड्याला एक, मानधनासकट. नाही पटला तर विषय संपला.

आज गुरुवार होता. फोनवर बोलून पाहिलं तर मशीनच्या खटखटीत मावशीचाच आवाज बुडाला. तोंडाजवळ माईक हवाच होता. म्हणून भर दुपारी मावशी-भाची दुकानात उभ्या राहिल्या. भिंतीवर हेडसेट असे लटकले होते, जसे वाळत घातलेले मोजे.

"आवाज स्वच्छ यायला हवा," मावशी म्हणाली, "आणि दामही मला झेपायला हवा."

दुकानदाराने तीन काढून ठेवले. पहिल्याची किंमत ऐकून मावशीने तो परत त्याच्याच हातात दिला. तिसरा जाडाभरडा होता, माईकची दांडी वाकडी. "हा स्वस्त आहे, पण पकडतो सगळंच. लोक परत आणतात," दुकानदार म्हणाला. "त्यापेक्षा हा मधला न्या. पंखा, रस्ता, शेजारची भांडणं, सगळा गोंगाट गाळून टाकतो. उरता फक्त तुम्ही."

मावशीने मधला डोक्यावर चढवला. चुकला तर? बदलायला वेळ कुठे होता? "दे हाच," ती म्हणाली.

घरी तिने मुद्दाम बोथट सुई लावली, मशीनशी बसली, आणि कामाला लागताना नेहमी पुटपुटायची त्या ओळी पुटपुटली,

सुई गं सुई, तुझा पाय हलका,
धाग्याच्या जिवाला नको लावू चटका.

मग म्हणाली, "ऐका मुलींनो, सुई बोथट झाली की मशीन कसं बोलतं ते." आणि पायडल मारलं.

भाचीने ऐकवलं. मावशीचा आवाज घासून ठेवलेल्या ताटासारखा लख्ख. आणि मग काहीच नाही.

"बंद पडलं का गं?"

"नाही मावशी. हे बघ." फोनच्या पडद्यावर बोलण्याच्या जागी डोंगर होते, आणि मशीनच्या जागी सपाट माळ.

मावशी मशीनवर ओणवी झाली, पुन्हा पायडल मारलं. पुन्हा माळ. भाचीने बटणं चाचपली, माहितीपत्रक उलटसुलट वाचलं. गाळणं बंद करायची सोय नव्हती.

"अगं, याला गोंगाट गाळायला सांगितलं, तर यानं मशीनच गाळलं!"

"त्याच्या लेखी मशीन म्हणजेच गोंगाट, मावशी."

ते तिला लागलं. चाळीस वर्षं ज्याला ती बोलणं म्हणत आली, त्याला हा चिमूटभर माईक गोंगाट म्हणतो!

पाच वाजता भाचीच्या स्कूटरवर दोघी पुन्हा दुकानात. दुकानदाराने मान हलवली. "तोंडाजवळचा स्पंज वापरला की परत घेत नाही, मावशी."

"परत नको घेऊ, बदलून दे. तो वाकड्या दांडीचा दे."

"तो? तो कचरासुद्धा पकडतो."

"मला कचराच हवाय. पण आधी ऐकीन, मग नेईन. दुपारी तुझ्या बोलण्यावर गेले आणि फसले."

दुकानाला लागूनच एक शिंपी पँटी आखूड करत बसला होता. मावशी वाकड्या दांडीचा हेडसेट चढवून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. भाचीने फोन जोडला.

"माझी मुलाखत घेताय की काय?" शिंपी हसला.

"तुमची नाही, मशीनची. चालवा."

त्याने चालवलं. मग भाचीने ऐकवलं. बसचा भोंगा आला, कोणाचं तरी खोकणं आलं, आणि त्या सगळ्याखालून एकेक टाका मोजून घ्यावा असं मशीन आलं. मावशीने डोळे मिटले. दर चौथ्या टाक्याला काहीतरी किणकिणत होतं.

"मास्तर, बॉबिनची डबी सैल आहे. उद्या दोरा गुंतेल."

"उद्या कशाला? सकाळपासून गुंततोय!" शिंपी दुकानाकडे वळून ओरडला, "बदलून दे रे बाईंना, नाहीतर तुझी पँट अशी शिवीन की बसता येणार नाही!"

दुकानदाराने हात जोडले आणि बदलून दिला.

संध्याकाळी भाग झाला. मधेच शेजारच्या कुकरची शिट्टी आली. भाची म्हणाली, पुन्हा करू. पण मावशीचा घसा बसला होता. तोच पाठवला.

शुक्रवारी अकराला बाईंनी फोन चालू ठेवून वर्गात भाग लावला. मावशी पलंगाच्या कडेला, फोन कानाशी घट्ट. शिट्टी आली तेव्हा मुली खुदकन हसल्या. "शिजलं वाटतं!" कोणीतरी म्हणालं. मावशीने कपाळाला हात लावला. मग बोथट सुई बोलायला लागली आणि वर्ग चिडीचूप झाला. ऐकताहेत की कंटाळल्या? चालू तरी आहे ना? तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाई, परत लावा ना," एका मुलीचा आवाज आला. "माझं मशीन अस्संच बोलतं. मला वाटायचं माझंच शिवणं वाईट."

बाईंनी परत लावलं. मग त्या फोनवर आल्या. "पुढच्या आठवड्याला काय देताय?"

तेलमावशी आधी घोटभर पाणी प्यायली.

"मशीनचा पट्टा," ती म्हणाली. "ढिला."