पांढऱ्या डागाची वाट

रोजच्याप्रमाणे सकाळी बायकोने नवऱ्याचा सदरा उतरवला आणि त्याला खिडकीपाशी उभं केलं. मान, खांदे, कोपर, बोटांची पेरं. कुठेच काही नाही. मेला एक पांढरा डाग येईना!

"झाली झडती?" नवरा म्हणाला. घरं रंगवायचा तो. रंगारीच म्हणत त्याला सगळे. "सापडला का चोरीचा माल?"

"अहो, गप्प उभे राहा."

अंगावर पांढरं उमटलं की लोक धसका घेतात. ही बाई तेच डोळ्यांत तेल घालून शोधत होती. रंगाऱ्याच्या तळपायाला त्वचेचा कर्करोग झाला होता आणि गाठी जांघेपर्यंत चढल्या होत्या. इस्पितळात शेजारच्या खुर्चीत एक सुतार बसे. तोच आजार, सलाईनमधून तेच औषध. सुताराच्या हातांवर पांढरे डाग उठले आणि त्याच्या गाठी विरघळल्या. रंगाऱ्याच्या वाढल्या.

"असं का हो?" तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं.

"या औषधाने शरीराची फौज कर्करोगावर तुटून पडते. कधी कातडीच्या रंगावरही पडते, म्हणून डाग. ते बहुधा चांगलं लक्षण. पण एकाची फौज जागी होते, दुसऱ्याची का नाही, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

त्यातलं तिने डागाचं तेवढं मनात धरून ठेवलं. सुताराच्या बायकोशी बोलणं टाकलं. त्या बिचारीचा काय दोष? पण तिचं हसणं बघवत नसे. सुताराचंही वाईट व्हावं असं एकदा मनात आलं, आणि मग स्वतःचीच शरम वाटून ती रडली.

एके दिवशी नवऱ्यानेच हाक मारली. "अगं, कोपरामागे बघ जरा."

नखाएवढा पांढरा डाग!

"आला! अहो, आला!" तिने कोपर दोन्ही हातांत धरून गालाला लावलं. हसू आणि रडू एकदमच आलं. मग गाल पुसला, तर हात पांढरा झाला. भिंतीचा रंग.

"लाज नाही वाटली? माझी थट्टा करता?"

"थट्टा कसली गं? रोज शोधतेस आणि रोज तुझा चेहरा उतरतो. गाठी सोसेन मी. ते नाही सोसवत." तो खाली बसला. "आजचा दिवस तरी तो डाग राहिला असता."

दुसऱ्या सकाळी तो आपणहून खिडकीपाशी आला, बटणं काढली.

"अगं, बघायचं नाही का?"

ती ओट्यापाशीच उभी राहिली. "नको."

"बरं," तो म्हणाला, आणि एकेक बटण पुन्हा लावू लागला.